राजीनामा मिळाला, मग?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. सरकार गेलंच पाहिजे, या एकाच वाक्याभोवती ते फिरतंय. तुझा राग खरा आहे, तो आवर असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या बैठकीआधी गुजरातचं नवनिर्माण आंदोलन नीट समजून घे.

डिसेंबर 1973. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल 20 टक्क्यांनी वाढलं आणि मुलं संपावर गेली. तेल-धान्य महागलं म्हणून बिल वाढलं होतं, आणि ती महागाई गावातल्या प्रत्येक घराला जाळत होती. म्हणूनच मेसचं भांडण बघता बघता राज्याचं झालं. मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांच्या सरकारचा मृत्युघंट म्हणून लोकांनी घराघरांतून थाळ्या वाजवल्या. हा थाळी-लाटण्याचा आवाज त्याआधी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्च्यांत घुमला होता. जन्मात कधी घोषणा न दिलेली बाईसुद्धा दारात उभी राहून थाळी वाजवू शकते. तुमच्या आंदोलनात तिला करण्याजोगं काय आहे? मला तरी तुझ्या पत्रात काही दिसलं नाही.

9 फेब्रुवारी 1974 ला चिमणभाईंनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. तोवर जाळपोळ झाली, आमदारांवर दमदाटी झाली, पोलिसांच्या गोळीबारात कितीतरी माणसं गेली. पुढच्या वर्षी विरोधी पक्षांच्या जनता मोर्चाचं सरकार आलं, तर त्याला टेकू कुणाचा? चिमणभाईंच्याच नव्या पक्षाचा. 1990 मध्ये तर ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या पोरांनी जीव दिला, त्यांच्या आईबापांना हे कसं वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

बिहारमध्येही विद्यार्थ्यांच्या आंदोलनात 18 मार्च 1974 ला पाटण्यात आगी लागल्या. मग शांततेची अट घालून जयप्रकाश नारायण नेतृत्वासाठी पुढे आले, आणि 8 एप्रिलला तोंडाला पट्ट्या बांधलेला मूक मोर्चा निघाला. इतक्या संतापात गप्प चालायला किती शिस्त लागते, ते तुमच्या कार्यकर्त्यांना विचार.

बैठकीत दोन गोष्टी कर. कुणाच्या घरावर चालून जायचा ठराव आला तर विरोध कर, एकटा पडलास तरी. आणि राजीनामा मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तुमची समिती कोणत्या मागणीसाठी, कुणाच्या दारात उभी राहणार, ते इतिवृत्तात लिहून घे. त्याची एक प्रत मला पाठव.

तुझा,
सर