एक शीप, दहा शीप

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. चाचणीत तिने 'शीप'चे अनेकवचन 'शीप्स' लिहिले आणि गुण गेला. 'डिअर', 'एअरक्राफ्ट' यांचेही असेच असते म्हणे. हे नुसते पाठ करायचे, की काही नियम आहे?
– एक वाचक, साक्री (जि. धुळे)

उत्तर : मुलीला ही गोष्ट मराठीतून आधीच येते. 'बैल आला', 'बैल आले' यात बैल तोच राहतो, संख्या क्रियापद सांगते. दगड, लाडू यांचेही तेच. साक्रीच्या माळावर एकच मेंढी चरत असेल तर 'द शीप इज ग्रेझिंग', ठेलाऱ्यांचा अख्खा कळप असेल तर 'द शीप आर ग्रेझिंग'.

अडचण भूतकाळात येते. मराठीत 'पळाली', 'पळाल्या' असा फरक दिसतो. 'द शीप रॅन'मध्ये तो दिसतच नाही. तिथे 'अ शीप' किंवा 'टेन शीप' असे स्पष्ट लिहायला शिकवा.

शीप आणि डिअर हे जुन्या इंग्रजीतले नपुंसकलिंगी शब्द. त्या गटातल्या बऱ्याच शब्दांना अनेकवचनाचा प्रत्यय लागतच नसे. पुढे बहुतेकांना 'एस' चिकटला, हे तसेच राहिले. 'सिरीज', 'स्पीशीज' लॅटिनमधून आले. तिथेही दोन्ही वचनांत रूप एकच.

'फिश' सहसा बदलत नाही, पण निरनिराळ्या जातींविषयी बोलताना 'द फिशेस ऑफ द तापी' चालते. 'डझन'आधी आकडा असेल तर 'एस' नको : 'टू डझन बनानाज'. आपणही 'दोन डझन केळी'च म्हणतो. मात्र 'बनाना'चा 'एस' मुले हमखास विसरतात, तिकडे लक्ष ठेवा. आकडा नसेल तर 'डझन्स ऑफ बनानाज'.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन' याच यादीत घातल्याने. ही नामे मोजता येत नाहीत. 'टू शीप' बरोबर, 'टू फर्निचर' चूक; तिथे 'टू पीसेस ऑफ फर्निचर' म्हणावे लागते.

शंका आली की त्या शब्दाची दोन वाक्ये करून पाहायची : एक 'धिस… इज', दुसरे 'दीज… आर'. 'शीप', 'सिरीज' दोन्हींत बसतात. 'कॅटल' पहिल्यात अडतो, 'फर्निचर' दुसऱ्यात. शेवटी 'एस' असूनही 'न्यूज' दुसऱ्यातच अडतो, आणि परीक्षेत हा प्रश्न विचारतात.