एम्बॉसिंग फोल्डरला शाई लावताना: वाचकांचे प्रश्न

(एम्बॉसिंग फोल्डर म्हणजे आतून नक्षी असलेला प्लॅस्टिकचा दुमडता फोल्डर, त्यात कार्ड ठेवून दाब देणाऱ्या मशीनमधून काढलं की कार्डावर नक्षी उठते.)

प्रश्न: ताई, फोल्डरला आतून निळी शाई लावून कार्ड मशीनमधून काढलं, तर पानांची नक्षी पांढरीच राहिली आणि आजूबाजूचं सगळं निळं झालं. मला बरोब्बर उलटं हवं होतं. काय चुकलं?

चुकलं काही नाही, फक्त शाई दुसऱ्या बाजूला लागली. फोल्डर उघडा आणि आतून बोट फिरवून बघा, एका बाजूला नक्षी वर आलेली लागेल आणि समोरच्या बाजूला तीच आत गेलेली. शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त वर असलेल्या भागाला लागते, खोलगट भागात पोचतच नाही. म्हणजे खोलगट नक्षीच्या बाजूला शाई लावलीत की तिथला सपाट भाग रंगतो आणि कार्डावर नक्षी पांढरी, वर उठलेली येते, तुमचं तेच झालंय. समोरच्या बाजूला लावा, मग नक्षी निळी येईल, पण ती कार्डात दबलेली असेल, लेटरप्रेसच्या, म्हणजे खिळे दाबून केलेल्या, छपाईसारखी. मला स्वतःला हाच लूक जास्त आवडतो.

आणि निळी पण हवी आणि वर उठलेली पण हवी असेल तर फोल्डरला शाई लावूच नका, आधी कोरडंच एम्बॉस करून घ्या, मग इंक पॅड उलटा धरून उठावावरून अगदी हलक्या हाताने फिरवा, जोर दिलात की बॅकग्राउंड पण रंगलं समजा.

एक लक्षात असू द्या, अक्षरं असलेल्या फोल्डरमध्ये दबलेल्या बाजूला मजकूर सहसा उलटा येतो, आरशात दिसतो तसा. त्यामुळे शुभेच्छा लिहिलेला फोल्डर असेल तर आधी रद्दी कागदावर कोरडं काढून बघा.

प्रश्न: शाई सगळीकडे सारखी बसत नाही, ठिपके ठिपके दिसतात.

डाय इंक, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, वापरताय बहुतेक. ती पातळ असते, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पसरत नाही, तिचे थेंब होतात. पिगमेंट इंक, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली शाई, दाट असते, बरीच सारखी बसते, फक्त वाळायला वेळ लागतो, तेवढा धीर हवा. पॅड थेट फोल्डरवर दाबू नका, शाई खाचांत जाते. रबरी रोलर पॅडवर फिरवून मग फोल्डरवर पातळ थर द्या, कमी वाटला तर अजून एक हात. कार्ड ठेवताना सरळ खाली ठेवायचं, ठेवल्यावर सरकवायचं नाही, सरकलं की कडा फरकटल्याच. बाकी ते ठिपके काही वेळा छान जुनाट दिसतात हो, सगळंच पुसायला हवं असं नाही.

प्रश्न: खोल नक्षीवर कागद फाटतो.

कागद पातळ असेल किंवा फार कोरडा. २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, कागदाच्या जाडीचं माप) आसपासचा कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घ्या आणि शाई न लागणाऱ्या बाजूला पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, तंतू सैल होतात आणि ताण सहन करतात. शाईच्या बाजूला पाणी नको, रंग फुटेल. तरीही फाटला तर दाब जास्त होतोय, मध्ये घातलेला जादा कागद किंवा शिम (दाब वाढवायला घालतात ती पातळ शीट) काढून बघा.

प्रश्न: शाई ओली असताना एम्बॉसिंग पावडर टाकून हेअर ड्रायरने वितळवली तर?

ही पावडर तापली की वितळून चकचकीत उठाव देते, टाका, पिगमेंट इंकवर मस्त धरते. ड्रायर मात्र नको, त्याचा वारा जोरात आणि उष्णता कमी, पावडर उडून जाईल पण वितळणार नाही. जास्त उष्णता देणारी हीट गनच लागते, आणि ती एकाच जागी धरून ठेवू नका, कार्ड वाकडं होतं.

प्रश्न: फोल्डर साफ कसा करायचा?

पाण्यावर आधारित शाई असेल तर लगेच ओल्या वाइपने पुसा, खाचांसाठी जुना टूथब्रश. पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नका, नाहीतर पुढच्या कार्डावर ओलाव्याचे डाग पडतात. पुसण्याआधी फोल्डरवर उरलेल्या शाईवर अजून एक कार्ड काढून घ्या, फिकट येतं, पण मागच्या लेयरला चालून जातं.