ससा नवं गवत आणि पाला नाकारतो तेव्हा

तुमचा प्रश्न मला असा समजला: ससा दोन वर्षांचा, लहानपणापासून एकाच मऊ, वाळवलेल्या गवतावर वाढलेला. ते गवत आता मिळेनासं झालंय. त्याऐवजी टिमोथी नावाचं दुसऱ्या जातीचं वाळकं गवत समोर ठेवलं तर हुंगतो, एखादी काडी तोंडात धरतो, टाकतो आणि निघून जातो. पेलेट्सची, म्हणजे तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांची, वाटी मात्र चाटूनपुसून साफ. पाल्यात कोथिंबीर सोडून कशालाही तोंड लावत नाही. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की दोन दिवस बाकी सगळं बंद करा, भूक लागली की झक मारत खाईल.

तो सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. सशाला उपाशी ठेवून काहीही शिकवता येत नाही. त्याचं आतडं अखंड चालत राहण्यासाठी घडलेलं आहे. लांब तंतूचं खाणं सतत आत येत राहिलं तरच आतला माल पुढे सरकतो. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आतल्या जिवाणूंचं गणित बिघडतं, गॅस धरतो, पोट दुखू लागतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखीच खात नाही. लठ्ठ सशात तर उपवासाने चरबी यकृतात साचते आणि यकृतच निकामी होऊ शकतं. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल किंवा लेंड्याच पडत नसतील, तर ती तातडीची वेळ समजा आणि रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

आता तुम्ही लिहिलेल्या एका तपशिलाकडे येते, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: काडी तोंडात धरतो आणि टाकतो. नुसतं हुंगून पाठ फिरवणं वेगळं आणि तोंडात घेऊन सोडणं वेगळं. पहिल्यात ओळख नसते, दुसऱ्यात बऱ्याचदा दुखणं असतं.

सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. दाढाही वाढतात, पण त्या आपल्याला दिसत नाहीत. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि त्या घासण्याने दाढा झिजतात. पेलेट्स मात्र वरखाली दाबले की फुटतात, त्यात आडवं घासणं फारसं होत नाही. त्यामुळे वर्षभर पेलेट्सवर भर राहिला की दाढांच्या कडांना टोकं येऊ शकतात. खालच्या दाढांची टोकं जिभेला लागतात, वरच्या दाढांची गालाला. मग कडक काडी चावताना टोचतं आणि ससा मऊ तेवढं निवडायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, लाडावलाय.

म्हणून “पेलेट्स खातो, म्हणजे दात ठीक आहेत” असं धरून चालू नका. हनुवटी ओली आहे का, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले आहेत का, डोळ्यातून पाणी येतं का, खाताना मान एका बाजूला करतो का, आवडीच्या गोष्टीकडे धावत येऊन मग अडखळतो का, हे पाहा. जबड्याच्या खालच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा, गाठ लागली तर ती नोंदवा. यातलं काही नसलं तरी दाढा एकदा तपासून घ्याच, आणि सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडूनच. दाढांची मुळं बघायला एक्स-रे लागतो आणि तोंड नीट तपासायला काही वेळा भूलही द्यावी लागते. दात दुखत असतील तर खाली लिहिलेलं काहीही उपयोगी पडणार नाही, उलट दिवस वाया जातील.

दात ठीक निघाले, तर पुढचा संशय पेलेट्सवर. पूर्ण वाढलेल्या सशाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 25 ग्रॅम पेलेट्स ही वरची मर्यादा धरा. वाटीने अंदाज घेऊ नका, काट्यावर तोला. पोट पेलेट्सनी भरलं असेल तर गवत खायला त्याच्याकडे कारणच उरत नाही. पण कपात एकदम नको. दर आठवड्याला साधारण पाचवा हिस्सा कमी करा, आणि तीही वजन स्थिर असेल तरच. वजन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी घ्या. पेलेट्स दिवसभर समोर ठेवायचे नाहीत. सकाळी ताजं गवत, आणि पेलेट्स संध्याकाळी उशिरा. धान्य, बिया आणि रंगीत तुकडे असलेलं मिश्रण देत असाल तर ते हळूहळू बंदच करा, कारण ससा त्यातलं गोड आणि पिठूळ तेवढं वेचून बाकीचं टाकतो.

नव्या गवताची भीती त्याला का वाटते, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. सशाला ओकता येत नाही. चुकीचं पोटात गेलं तर ते बाहेर टाकायचा मार्ग नाही, म्हणून अनोळखी खाण्यावर संशय घेणं त्याच्या अंगातच आहे. आणि ओळख होते ती वासाने. पिल्लू आईच्या पोटात असतानाच, पुढे तिच्या दुधातून आणि बिळातल्या तिच्या लेंड्यांतून, आई काय खाते त्याचा वास शिकतं. शिवाय सशाला नाकासमोरचं दिसत नाही, तोंडाशी आलेला घास तो ओठ, मिशा आणि नाक यांनीच पारखतो. तुमच्या सशाच्या लेखी “गवत” म्हणजे दोन वर्षं हुंगलेला तो एकच वास. टिमोथी त्याच्या खात्यात अजून अन्न म्हणून जमाच झालेलं नाही.

तेव्हा नव्या गवताला जुन्याचा वास द्यायचा. जुनं थोडंसं जरी शिल्लक असेल, अगदी तळाचा चुरा असला तरी, तो नव्या गवतासोबत एका कापडी पिशवीत चार-पाच दिवस ठेवा. मग मिसळायला सुरुवात करा: पहिले काही दिवस नवं एक भाग, जुनं चार भाग, आणि पुढे दहा-पंधरा दिवसांत प्रमाण उलटं. मिसळायचं म्हणजे हाताने नीट पिंजून एकजीव करायचं. वर नुसतं पसरलं तर तो जुनं तेवढं उपसून काढेल.

जुनं अजिबात उरलं नसेल तर कोथिंबीर कामाला लावा. तिची पानं सावलीत कडकडीत वाळवा, हातावर चुरडा आणि गवतात खोलवर मिसळा. ती शोधताना तोंडात काड्याही येतात. पेलेट्सची चिमूटभर पूड चोळली तरी चालते, फक्त ती रोजच्या मापातूनच काढा. गवतावर पाणी शिंपडा असंही काही जण सुचवतात, मला ते पटत नाही. ओलं गवत विसरलं गेलं की बुरशी धरतं.

टिमोथीच हवं असा हट्टही धरू नका. ऑर्चर्ड ग्रास मऊ असतं, ओटच्या गवताला गोडसर वास असतो आणि कुरणातल्या मिश्र गवतात निवडीला वाव असतो. टिमोथीतही पहिल्या कापणीचं जाड काड्यांचं असतं आणि दुसऱ्या कापणीचं जास्त पानांचं. मऊ गवताची सवय असलेल्या सशाला दुसऱ्या कापणीचं आधी द्या आणि जाड गवत नंतर आणा. माझ्याकडची एक वयस्क मादी टिमोथी हुंगायलाही तयार नव्हती, तिला ओटच्या गवताने वाट काढून दिली आणि मग त्यातच टिमोथी मिसळत नेलं. शेवटी दोन-तीन प्रकार कायम आलटून पालटून देत राहा. एकच गवत बाजारातून गेलं तरी मग तुमच्यावर आज आली तशी वेळ येणार नाही.

एका मोहापासून मात्र सावध राहा. लसूणघास (अल्फाल्फा) दिलं तर तो तुटून पडेल आणि तुम्हाला वाटेल प्रश्न सुटला. ते डाळवर्गातलं आहे. टिमोथीपेक्षा त्यात प्रथिनं बरीच जास्त, कॅल्शियम तर कितीतरी जास्त. ससा अन्नातलं बहुतेक कॅल्शियम शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो, त्यातून मूत्राशयात गाळ आणि खडे होऊ शकतात. वाढत्या पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला ते ठीक आहे, दोन वर्षांच्या धडधाकट सशाचं ते रोजचं खाणं नाही.

जागा आणि वेळही बघा. ससे खाता खाता लेंड्या टाकतात, म्हणून गवत लिटर बॉक्सच्या, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या, एका टोकाला, बसल्या जागी तोंड पोहोचेल असं ठेवा. गवत जाळीत ठेवत असाल आणि तिच्या फटी अरुंद असतील तर त्या मोठ्या करा किंवा जाळीच काढा. पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या चरण्याच्या वेळा, ताजं गवत तेव्हाच घाला. मधे एकदा येऊन नुसतं हलवून वरखाली केलं तरी कितीतरी ससे पुन्हा खायला बसतात. दिवसाला ढीग साधारण त्याच्या अंगाएवढा हवा, उरलं तर खुशाल फेका. गवत हिरवट, सुवासिक, बिनधुळीचं असावं. कुबट वास आला तर सशाने नाकारलं हे बरंच झालं. साठवण कोरड्या, अंधाऱ्या, हवेशीर जागी, बंद प्लॅस्टिकमध्ये नको.

पाल्याचं काम यानंतर. दोन्ही बदल एकत्र केले आणि पोट बिघडलं, तर कशामुळे ते कळणार नाही. गवत रुळून आठवडाभर लेंड्या ठीक राहिल्या की मग सुरुवात करा.

तुमचा ससा कोथिंबीर खातो, ही फार चांगली जागा आहे सुरू करायला. कोथिंबीर, पार्सली, शेपू, बडीशेपेचा पाला आणि गाजराचा पाला हे सगळे एकाच कुळातले, वासाने एकमेकांच्या जवळचे. तेव्हा पालक-लेट्यूसकडे न वळता आधी शेपूची एक काडी कोथिंबिरीच्या जुडीत मधोमध खोचा आणि जुडी तशीच हातात धरून द्या. खाल्ली तर त्या दिवशी तेवढंच. पुढचे एक-दोन दिवस लेंड्या बघा, ठीक असतील तर थोडी वाढवा. एक गोष्ट पूर्ण रुळल्याशिवाय दुसरी आणायची नाही. या कुळातून पुढे पुदिना आणि तुळशीच्या जातीच्या बेझिलकडे जा, मग रोमेन लेट्यूस, मुळ्याचा पाला. एकदा नाकारलं म्हणजे कायमचं नाकारलं असं नसतं. आज लाथाडलेलं पान काही आठवड्यांनी तोच ससा मागून घेतो, म्हणून वाट पाहून पुन्हा द्या. घरात दुसरा ससा असेल आणि त्यांचं जमत असेल तर दोघांना शेजारी बसवून द्या, एकाने खाल्लं की दुसऱ्याची भीड चेपते.

पाला धुऊन पाणी निथळून द्यावा. दिवसाला दर किलो वजनामागे सैलसर भरलेला एक कप पुरे. पार्सली कॅल्शियममुळे आणि पालक ऑक्झॅलेटमुळे रोज नको. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, रुबार्ब, अव्होकाडो हे कधीच नाही. गाजर किंवा फळाचं आमिष दाखवून पाला खायला लावू नका, साखरेने आतड्यातले जिवाणू बिघडतात आणि तो फक्त गाजराची वाट बघत बसतो.

या सगळ्या काळात तुमचं मोजमाप म्हणजे लेंड्या. मोठ्या, एकसारख्या, फिकट तपकिरी आणि दाबल्या की भुसा दिसणाऱ्या लेंड्या म्हणजे गवत पोटात जातंय. लहान, काळपट, वेड्यावाकड्या झाल्या तर एक पाऊल मागे या आणि प्रमाण आधीच्या टप्प्यावर न्या. चकचकीत मऊ लेंड्यांचे घोस त्याने स्वतःच खायचे असतात, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. ते जमिनीवर पडलेले किंवा बुडाला चिकटलेले दिसू लागले तर बहुतेक वेळा पेलेट्स अजून जास्त आहेत असं समजा.

दाढा तपासून झाल्या की त्याचं वजन, रोजचे पेलेट्स किती ग्रॅम आणि जुन्या गवतातलं काही शिल्लक आहे का, एवढं लिहा. त्यावरून कपात किती वेगाने करायची आणि मिसळायची सुरुवात कुठून करायची, ते मी आठवड्यावार मांडून देईन.