नफा जागचा का हलत नाही?

प्रश्न : प्रकल्पासाठी मी काही व्यापारी बँकांचे पाच वर्षांचे ताळेबंद पाहिले. डिजिटल व्यवहार अनेक पटींनी वाढले, पण मालमत्तेवरील परतावा (एकूण मालमत्तेच्या तुलनेत नफा) होता तिथेच आहे. मग डिजिटल बँकिंगमुळे बँकेची कामगिरी सुधारते, असं लिहायचं की नाही? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचं गणित बरोबर असावं. काउंटरवरच्या व्यवहारापेक्षा मोबाइलवरचा स्वस्त पडतो, यात वाद नाही. पण वाचलेला पैसा बँकेकडेच राहतो हे कुणी सांगितलं? अमेरिकेत एटीएम आल्यावर शहरी शाखेतले रोखपाल १९८८ ते २००४ या काळात सरासरी २० वरून १३ वर आले. शाखा चालवणं स्वस्त झालं, तशा बँकांनी आणखी शाखा उघडल्या! आता तो पैसा सर्व्हर, सॉफ्टवेअरचे परवाने आणि सायबर सुरक्षेत जातो. शिवाय अ‍ॅप सगळ्यांकडेच असल्यावर त्याचं वेगळं शुल्क कोण देणार?

माझी बरीच नोकरी ठेवी सांभाळण्यात गेली, त्यामुळे मी आधी तिकडे बघतो. बचत खात्यात पडून राहिलेला पैसा हा बँकेचा अगदी स्वस्त कच्चा माल. तो पडून राहायचा, कारण अर्धा टक्का जास्त व्याजासाठी शाखेत जाऊन अर्ज भरण्याचा लोकांना कंटाळा. खरं सांगायचं तर आमच्या नफ्याचा एक भाग या कंटाळ्यावरच उभा होता. फोनने तो घालवला. व्याजदर चढले की ठेवी हलतात, त्या थोपवायला बँकेला दर वाढवावे लागतात आणि खर्चात वाचलेलं व्याजात जातं.

याचं टोक अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत दिसलं. २००८ मध्ये वॉशिंग्टन म्युच्युअल या तिथल्याच बँकेतून सुमारे १,६७० कोटी डॉलर जायला दहा दिवस लागले होते. सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर गेले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. दुखणं अ‍ॅपचं नव्हतं. व्याजदर वाढल्याने भाव पडलेले दीर्घ मुदतीचे रोखे आणि ठेव विम्याच्या मर्यादेबाहेरच्या, म्हणजे बँक बुडाल्यास भरपाईची हमी नसलेल्या ठेवी, हे मूळ. पण सावरायला जो वेळ पूर्वी मिळायचा, तो मिळाला नाही.

तेव्हा एकट्या परताव्यावर निष्कर्ष काढू नका. निव्वळ व्याज नफा (मिळालेलं आणि दिलेलं व्याज यांतला फरक), कामकाजाचा खर्च आणि शुल्काचं उत्पन्न वेगवेगळं मांडा. चालू-बचत ठेवींचा वाटाही घ्या. पाच वर्षं तशी कमीच, कारण सुरुवातीला शाखा आणि अ‍ॅप दोन्हींचा खर्च सोसावा लागतो. आणि उलट बाजूही तपासा : मुळात नफ्यातल्या बँकेलाच तंत्रज्ञानावर सढळ खर्च परवडतो. परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.