‘ग्रिस’ : न मरता अडकणाऱ्यांसाठी

‘ग्रिस’ हा बार्सिलोनाच्या नोमादा स्टुडिओचा खेळ. १३ डिसेंबर २०१८ला तो कॉम्प्युटर आणि निन्टेन्डो स्विचवर आला. पुढे मोबाइल, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही मिळू लागला. एका मुलीचा आवाज जातो, तिच्या जगातले रंग उडतात आणि एकेक रंग परत येत जातो, एवढंच कथानक. संवाद एकही नाही. या खेळाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : चित्रं सुंदर आहेत हे मान्य. पण शत्रू मारायचे नाहीत, आपण मरत नाही, गुण नाहीत. मग यात खेळ कुठे आहे? वॉलपेपर बघत बसण्यासारखंच झालं की!

उत्तर : पहिली पाच मिनिटं पुन्हा खेळून बघा, या वेळी लक्ष बोटांकडे ठेवून. सुरुवातीला तुम्ही सवयीने उडीचं बटण दाबता आणि ती मुलगी उडी न मारता गुडघ्यांवर कोसळते. परत दाबलं, परत तेच. थोड्या वेळाने ती चालू लागते, मग धावते, आणि उडी त्यानंतर येते. तिच्यात त्राण उरलेलं नाही हे कुठेही लिहून दाखवलेलं नाही. बटण दाबूनही काही होत नाही, यातून ते थेट तुमच्या हाताला कळतं. या खेळाची ओढ आहे ती इथे.

पुढेही तसंच. लाल रंग परत आला की तिचा झगा दगडासारखा जड ठोकळा होऊ शकतो. हिरव्यात हवेतल्या हवेत दुसरी उडी मिळते, निळ्यात पोहणं, पिवळ्यात गाणं. आधी घट्ट उभं राहता येणं, मग हलकं होणं, मग खोल उतरणं आणि सगळ्यात शेवटी आवाज फुटणं, हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. दोनदा उडी मारायची सोय शेकडो खेळांत असते. इथे ती नेमकी कधी मिळते याला अर्थ आहे.

चित्रांचं श्रेय कॉनराद रोसेत यांचं. ते मुळात चित्रकार; बारीक शाईची रेघ आणि पसरलेला जलरंग ही त्यांची जुनी शैली. त्यांच्यासोबतचे दोन संस्थापक, आद्रियान कुएवास आणि रोजेर मेंदोसा, मोठ्या कंपन्यांच्या खेळांवर काम केलेले. कोडी मात्र सोपी आहेत, हे कबूल करायला हवं. डोकं खाजवायला लावणारं काही हवं असेल तर हा खेळ तुमच्यासाठी नाही. चार तासांच्या आत संपतो आणि त्याहून लांबला असता तर कंटाळवाणा झाला असता, असं आमचं मत.

प्रश्न : लाल वाळवंटात वादळ सुरू झालं की मी मागे फेकला जातो. किती जोर लावला तरी पुढे सरकत नाही. बटण बिघडलं आहे का?

उत्तर : बटण ठीक आहे. जोर लावणं हीच चूक. वादळ सतत नसतं, झोताझोताने येतं. झोत यायच्या आधी वाऱ्याचा आवाज चढू लागतो आणि धूळ पडद्यावर सरकायला लागते. आवाज चढताच थांबा, झगा जड करण्याचं बटण दाबा आणि झोत पूर्ण ओसरेपर्यंत दाबूनच ठेवा. बरेच जण शेवटच्या क्षणी घाईने बोट उचलतात आणि उरलेल्या वाऱ्यात वाहून जातात. वारा पडला की धावा. वाटेत पडक्या भिंतीचा आडोसा मिळाला तर तिथपर्यंत एका दमात जा. मोबाइलचा आवाज बंद करून खेळत असाल तर ही पूर्वसूचनाच तुमच्यापर्यंत पोचत नाही; निम्म्या तक्रारींचं मूळ तेच असावं. हेडफोन लावा. संगीत बर्लिनिस्ट या बार्सिलोनाच्याच बँडचं आहे, त्यासाठीही ते लावायला हवेत.

हाच जड झगा फरशी फोडायलाही लागतो. तडे गेलेल्या जमिनीवर उभं राहून बटण दाबण्यापेक्षा आधी वर उडी घ्या आणि हवेत असताना जड व्हा. जितक्या वरून पडाल तितका दणका मोठा.

प्रश्न : नकाशा नाही, खुणेचा बाण नाही. कुठे जायचं ते कळत नाही आणि फिरून फिरून त्याच जागी येतो.

उत्तर : दिवे राहिले असतील. वाटेत लहान प्रकाशबिंदू भेटतात, ते गोळा झाले की मुलीच्या मागे मागे तरंगत येतात. त्यांचं काम दोन ठिकाणी असतं : दरीत अडलेल्या वाटेवर आणि मधल्या मोठ्या वास्तूत, जिथे तुम्ही प्रत्येक रंगानंतर परत येता. तिथे हे बिंदू नक्षत्रासारखे जुळून पूल होतात. पूल अर्धवट राहिला असेल तर नक्षत्रातल्या रिकाम्या जागा मोजा. तेवढे दिवे मागे राहिले आहेत.

बाणाचं काम कॅमेरा करतो. चित्र आपोआप दूर जाऊन मुलगी मुंगीएवढी दिसू लागली, की त्या मोठ्या चित्रात काहीतरी दाखवायचं आहे असं समजा. तिथे धावत सुटू नका, चारही कोपरे बघून घ्या.

हिरव्या जंगलात अडकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या काही झाडांचा पर्णभार ठरावीक लयीत पसरतो आणि मिटतो, आणि त्यावर उभं राहायचं असतं. पान पसरलेलं दिसलं म्हणून उडी मारली, तर पोचेपर्यंत ते मिटायला आलेलं असतं. एक पूर्ण फेरा नुसता बघा आणि पुढच्या फेऱ्यात ते उघडायला लागतानाच निघा. चुकलात तर खाली पडाल, इतकंच. तिथून परत चढायचं.

प्रश्न : मोबाइलवर घेऊ की कॉम्प्युटरवर?

उत्तर : जमत असेल तर मोठा पडदा आणि कंट्रोलर. मोबाइलवर खेळ तोच आहे, पण कॅमेरा दूर गेला की मुलगी शोधावी लागते आणि त्यात आपलाच अंगठा चित्रावर आडवा येतो. टॅबलेटवर हा त्रास बराच कमी. स्टीम या कॉम्प्युटर-खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : पैसे परत मिळण्यासाठी खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी, अशा दोन्ही अटी आहेत. एवढ्या छोट्या खेळात दोन तास म्हणजे निम्मा रस्ता झाला. पटत नसेल तर तासाभरात ठरवा.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीची आई अलीकडेच गेली. हा खेळ दुःखावर आहे असं वाचलं. तिला भेट दिला तर बरं वाटेल का?

उत्तर : एवढ्यात नको, आणि न विचारता तर नकोच. ‘ग्रिस’मध्ये तडकलेली, कोसळणारी स्त्रीची प्रचंड शिल्पं वारंवार समोर येतात. त्रयस्थाला ती सुंदर वाटतात. ज्याची जखम ताजी आहे त्याला ती कशी दिसतील, हे बाहेरून सांगता येत नाही. निळ्या भागात पाण्याखाली एक काळं धूड अंगावर येतं. त्यात हरण्याची भीती नाही, पोहत राहिलं की सुटका होते, पण छाती धडधडते हे खरं.

खेळातल्या काही गुप्त कामगिऱ्यांना (अचीव्हमेंट्सना) नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार अशी नावं आहेत. १९६९मध्ये मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी मांडलेल्या या पाच अवस्था. त्या मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या आहेत आणि प्रत्येक माणूस त्यांतून त्याच क्रमाने जातो असं मुळीच नाही. तेव्हा ‘आता तू रागाच्या पायरीवर आहेस’ असलं काही तिला ऐकवू नका. तिनेच कधी खेळायची इच्छा दाखवली तर शेजारी बसा. तिची झोप-जेवण बरेच दिवस बिघडलेलं असेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : खेळ संपला, पण कुणाचं दुःख ते कळलंच नाही. माझं काही सुटलं का?

उत्तर : सुटलं. वाटेपासून बाजूला, आडोशाला स्मृतिचिन्हं लपवलेली आहेत. ती सगळी मिळाली की मधल्या वास्तूत एक बंद जागा उघडते आणि एक छोटं दृश्य दिसतं. त्यात काय आहे ते इथे सांगणार नाही. खेळ एकदा पूर्ण झाला की हवं ते प्रकरण निवडून परत जाता येतं, त्यामुळे पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. शोधताना वाट जिकडे ओढते त्याच्या उलट बाजूला आधी जा. डावीकडे न्यायचं असेल तर चिन्ह उजवीकडच्या खबदाडीत, असा प्रकार बऱ्याचदा आहे.

प्रश्न : यानंतर काय खेळू? आपल्याकडे कुणी असं काही केलं आहे का?

उत्तर : याच स्टुडिओचा ‘नेवा’ ऑक्टोबर २०२४मध्ये आला. चित्रं तितकीच देखणी, पण त्यात तलवार आहे आणि मरणही. लढाई नको असेल तर सुरुवातीलाच कथा-प्रकार (स्टोरी मोड) निवडा, त्यात मरण नाही. ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ (२०१५) डोळ्यांना तसाच गोड, पण बोटांना निर्दय आहे. पाण्याच्या लोंढ्यातून पळण्याच्या प्रसंगात वीसेक वेळा मरायची तयारी ठेवा.

आपल्याकडचा म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०). हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि कथेचा काही भाग छाया-बाहुल्यांच्या दृश्यांतून सांगितलेला. मात्र तो मारामारीचा खेळ आहे, ‘ग्रिस’च्या जातीचा नव्हे. ‘ग्रिस’ची शांतता त्यात शोधाल तर निराश व्हाल, उड्या, त्रिशूळ आणि राक्षस हवे असतील तर जरूर घ्या.