आईंना मागच्या सीटवर बसवा, मग गाडी ठरवा

प्रश्न : नमस्कार ताई. आमची २०१४ ची डिझेल इनोव्हा आता १ लाख ९० हजार किलोमीटर चालली आहे. टर्बोचं काम एकदा झालंय आणि आता क्लचही बोलायला लागलाय. कराडला आमचं स्वतःचं घर आहे, पार्किंग आत आहे, गच्ची मोकळी आहे. घरात आम्ही दोघं, बारावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीत नणंद आली की माणसं वाढतात. महिन्यातून दोनदा पुणे आणि वर्षातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाटातून गुहागर, एवढा आमचा प्रवास. बजेट ६० लाखांपर्यंत आहे. पुण्यात तीन शोरूममध्ये इलेक्ट्रिक एसयूव्ही चालवून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटांची चक्कर झाली, तिन्ही आवडल्या, आणि म्हणूनच काही ठरत नाही. मिस्टर म्हणतात, घाटात बॅटरी बसेल. टेस्ट ड्राइव्ह नेमकी करायची कशी? आणि एवढे पैसे घालावेत का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्हाला तिन्ही आवडल्या यात नवल नाही. डिझेलमधून उतरून इलेक्ट्रिकमध्ये बसलं की पहिली पंधरा मिनिटं प्रत्येक गाडी आवडते. मी तेवीस वर्षं भोसरीत डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांवर काम केलं. इंजिनाचा आवाज माझ्या कानात मुरलेला आहे. तरी मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा अशी गाडी सिग्नलवरून सुटली, तेव्हा मलाही वाटलं की आता दुसरं काही बघायलाच नको. पण तो जोर सगळ्याच गाड्यांत असतो. त्यावर निवड करता येत नाही.

माझी निवड माझ्या आईने केली. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. मी चार गाड्या पाहिल्या आणि चारही वेळा तिला सोबत नेलं. पहिल्या शोरूममध्ये ती मागे बसली, मी चालवत होते. साधारण पंचवीस मिनिटांनी मागून आवाज आला, "अगं, एखादी चादर आहे का? मांडीखाली घालायला." तेव्हा माझ्या लक्षात आलं. या गाड्यांची बॅटरी तळाशी पसरलेली असते, त्यामुळे मागची फरशी उंच येते. सीट त्या प्रमाणात उंच नसेल तर गुडघे वर येतात, मांडी अधांतरी राहते आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. पुढे बसणाऱ्याला हे कधीच कळत नाही. चारपैकी दोन गाड्या मी तिथेच सोडल्या. त्यातली एक मला चालवायला सगळ्यात जास्त आवडली होती, हेही सांगते.

म्हणून पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन जा. अर्धा तास त्यांना मागे बसवा आणि त्या स्वतः कशा चढतात-उतरतात ते बाजूला उभं राहून पाहा. हात न देता. इनोव्हात त्या बारा वर्षं चढल्या आहेत, तिथे कुठे पाय ठेवायचा आणि कुठे धरायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. नव्या गाडीत खाली उंबरठ्यासारखी जाड पट्टी असते, ती ओलांडताना पाय अडतो का, साडी घासते का, एवढं बघा.

मुलीलाही न्या. तिला गाडी लागते का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सातवीतली मुलं मागे मोबाइल बघत बसतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट जनरेटरसारखी चालते आणि गाडी ओढल्यासारखी हळू होते. याला रिजनरेशन म्हणतात. ते जोरात ठेवलं तर चालवणाऱ्याला मजा येते आणि मागच्याला मळमळतं. माझी भाची कात्रजच्या जुन्या घाटात सहाव्या-सातव्या वळणाला पिवळी पडली. रिजन सगळ्यात कमी केलं, पोरगी पाच मिनिटांत ठीक झाली. विक्री प्रतिनिधी ते नेहमी जोरातच लावून देतो, कारण ते दाखवायला छान असतं. कमी-जास्त कसं करायचं ते निघायच्या आधी शिकून घ्या.

आता मिस्टरांचा घाट. चिपळूणकडून कुंभार्ली चढताना साधारण ६०० मीटर उंची गाठायची असते. माणसं-सामान धरून गाडी अडीच टनांची धरली, तर एवढी उंची चढायला लागणारी ऊर्जा चार-साडेचार युनिट भरते. मोटरमधली गळती धरून पाच म्हणा. ६४-६५ युनिट वापरता येणाऱ्या बॅटरीत हे सात-आठ टक्के झाले. उतरताना त्यातलं बरंचसं परत येतं. मी ताम्हिणी उतरले तेव्हा माथ्यावर बॅटरी ६१ टक्के होती आणि खाली पोहोचले तेव्हा ६२. ब्रेकला जवळजवळ पाय लावला नव्हता. डिझेलने घाट उतरताना ब्रेकचा जो जळका वास येतो, तो नव्हता. घाट ही या गाड्यांची खरं तर जमेची बाजू आहे, मिस्टरांना हे नक्की सांगा.

बॅटरी खाते ती सलग वेगाची सडक. म्हणून टेस्ट ड्राइव्हमध्ये बायपासला गाडी घ्या. निघताना ट्रिप मीटर शून्य करा, एसी २३ वर ठेवा, चार माणसं बसवा, ९० च्या वेगाने किमान तीस किलोमीटर जा आणि १०० किलोमीटरला किती युनिट लागतात तो आकडा वहीत लिहा. मला १७ ते १९ मिळाले. एका शोरूमने मला २३ टक्के चार्ज असलेली गाडी दिली आणि वर सांगितलं, "मॅडम, एसी बंद ठेवू या." मी किल्ली परत केली. तुम्हीही अशी चक्कर घेऊ नका, दुसरा दिवस मागा. घरचं कुटुंब घेऊन अर्ध्या दिवसासाठी गाडी हवी असं फोनवरच सांगितलं तर काही जण देतात. मला चारपैकी एकाच शोरूमने दिली, त्यांचा माणूस सोबत होता, आणि ताम्हिणी त्यामुळेच जमला.

कंपनीच्या रेंजच्या आकड्याचा अर्थ असा लावा. बीएमडब्ल्यूची आयएक्स१ लाँग व्हीलबेस (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली) जानेवारी २०२५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ४९ लाख होती. बॅटरी ६६.४ युनिटची, जाहीर रेंज ५३१ किलोमीटर. माझ्या वहीतल्या आकड्याने ती ३४० ते ३८० होते. कराड-पुणे साधारण १६०. संध्याकाळी परत यायचं असेल तरी घरून भरून निघालेली गाडी घरी येते, फक्त खंबाटकी चढताना टक्क्यांकडे बघत बसू नका. गुहागरला तर एका बाजूचे १५० च्या आसपास आहेत.

पण गुहागरला जिथे उतरता, तिथला प्लग आजच तपासून घ्या. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण आमची फजिती इथेच झाली. भावाच्या माणगावच्या घरी रात्री नऊ वाजता १५ ॲम्पियरच्या प्लगला गाडी लावली आणि चार्जरवर लाल दिवा लागला. तीन प्लग बदलून पाहिले, तोच दिवा. सकाळी वायरमन आला, टेस्टर लावला आणि म्हणाला, "ताई, अर्थिंगच नाही हो घराला." जुन्या कोकणातल्या घरात फ्रिज, मिक्सर सगळं वर्षानुवर्षं चालतं, गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर चालूच होत नाही. आणि ते योग्यच आहे. मग मागच्या अंगणात खड्डा खणला, तांब्याची प्लेट पुरली, कोळसा-मीठ भरलं, वर पाणी ओतायला नळी ठेवली. दुपारी हिरवा दिवा लागला. तुमच्याकडे हे आधीच करून घ्या. साध्या प्लगवर रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात वीस-बावीस युनिट जातात, म्हणजे साधारण १२० किलोमीटर. तुम्हाला तेवढे पुरतात. रस्त्यात चार्जिंगसाठी थांबायची वेळच येणार नाही.

कराडला घरी मात्र ७ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवा. त्याआधी महावितरणमध्ये जाऊन मंजूर भार किती आहे आणि गाडीसाठी वेगळी जोडणी मिळेल का, हे विचारा. घरगुती मीटरवर युनिट वाढले की वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि स्वस्त चार्जिंगचा हिशेब कोलमडतो. तुमची गच्ची मोकळी आहे ही फार मोठी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. तेवढी पॅनेल दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतात. वर्षाला १४ हजार किलोमीटर धरले तर गाडीला महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे युनिट लागतील. ते त्यात निघतात.

पैशांचं स्पष्ट लिहिते. तेवढ्याच किलोमीटरना इनोव्हा वर्षाला लाखभराचं डिझेल पिते. तो खर्च बराचसा वाचेल. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, मोठ्या डिझेल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. महाराष्ट्रात वाहनकर माफ आहे. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तरीही ५०-६० लाखांची गाडी इंधनाच्या बचतीतून कधी वसूल होत नाही, आणि तसं कोणी मांडून दाखवलं तर ऐकू नका. आवाज नाही, धूर नाही, आईंची पाठ शिणत नाही, यासाठी पैसे द्यायची तुमची तयारी असेल तर घ्या. मी त्यासाठी दिले.

मी घेतली ती आयएक्स१ लाँग व्हीलबेसच, कारण आईने तिथे चादर मागितली नाही. तुमच्यासाठी माझं पहिलं मत तिलाच. बीवायडीची सीलायन ७ सुद्धा याच किमतीच्या आसपास मिळते आणि बॅटरी ८२.५६ युनिटची आहे. मुलाला ती आवडेल, पण निर्णय सासूबाईंचा. नणंदेच्या माणसांसाठी सात सीटची मर्सिडीझ ईक्यूबी मनात असेल तर लक्षात घ्या, शेवटची रांग १ मीटर ६५ सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीच्या माणसांसाठी आहे, असं कंपनीच सांगते. मोठ्यांना तिथे गुहागरपर्यंत बसवू नका. सहा-सात माणसं नेहमीचीच असतील तर लक्झरीचा हट्ट सोडून महिंद्राची एक्सईव्ही ९एस एकदा बघा. कमी पैशांत तीन रांगा मिळतात.

डिकी उघडून स्टेपनी आहे का पाहा. बऱ्याच गाड्यांत नुसता पंप आणि पंक्चरचं द्रावण असतं. कोयनानगरच्या पुढे टायरची कड फाटली तर ते द्रावण कामाला येत नाही. गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच, न्यावी लागते, दोरी बांधून ओढायची नाही. कराडला फ्लॅटबेड किती वेळात येईल, हे लेखी घ्या. बॅटरीची हमी ८ वर्षं आणि १ लाख ६० हजार किलोमीटर अशी साधारण असते, त्यातही क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, ते कलम वाचा.

इनोव्हा लगेच विकू नका. एक पावसाळा दोन्ही ठेवा.

प्रश्न : समृद्धीवरून इलेक्ट्रिक गाडीला टोल नाही म्हणतात. नागपूर-मुंबई आरामात होईल का? शिवाय आमच्या सातारा रस्त्यावर टोल का कापला गेला?
— एक वाचक, नागपूर (मूळ सातारा)

उत्तर : राज्याने २२ ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक चारचाकीला टोलमाफी दिली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे नाके राष्ट्रीय महामार्गावरचे, तिथे पूर्वीसारखाच टोल द्यावा लागतो. माफी असलेल्या रस्त्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले, तर त्या दिवसाचा मेसेज जपून ठेवा आणि तक्रार करा.

समृद्धी ७०१ किलोमीटर आहे आणि १२० ची मुभा आहे, पण ती वापरू नका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी १२० ने गेलात तर तो जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि बॅटरी बरीच लवकर उतरते. ९५-१०० वर ठेवलं तर दोनदा थांबून मुंबई होते. थांबा निवडताना चार्जर किती किलोवॉटचा आहे हे आधी बघा. ३० किलोवॉटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला दीड तास लागतो, १२० च्या चार्जरवर चहा-नाश्ता होईपर्यंत काम होतं. ६० च्या यंत्राला बहुतेकदा दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या दोन केबल, असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की तुमच्या वाट्याला बहुधा ३० च येतात. जागा असेल तर रिकाम्या यंत्रावर लावा.