व्हिन्सन शिखराची उंची जुन्या अ‍ॅटलासात वेगळी का?

फोर्टच्या पदपथावर घेतलेल्या आपल्या जुन्या अ‍ॅटलासात अंटार्क्टिकातील सर्वोच्च शिखर व्हिन्सन 5140 मीटर आणि आज 4892 मीटर दिसते, याचा अर्थ डोंगर खचला असा नाही, मोजणी सुधारली. 1935 मध्ये अमेरिकी संशोधक-प्रवासी लिंकन एल्सवर्थ यांनी विमानातून व्हिन्सन जिथे आहे ती सेंटिनेल पर्वतरांग पाहिली, तरी हे शिखर नोंदले गेले 1958 च्या सुमारास, तेही अमेरिकी नौदलाच्या विमानांतून. प्रारंभीचा आकडा दुरून केलेल्या मोजणीचा होता; 1966 मध्ये अमेरिकी गिर्यारोहक निकोलस क्लिंच यांचे पथक माथ्यावर पोहोचले, आणि 2004 मध्ये प्रत्यक्ष शिखरावर जीपीएस ठेवून आजची उंची निश्चित झाली.